दाजींना 'चागास' निघालाय. एकाचं हार्ट जातं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, असं का?

जुळेसोलापूरकर_८८

नमस्कार मंडळी, जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

आमचे दाजी साखर कारखान्यात इंजिनिअर. आधी इकडंच अकलूज साईडला होते, २०१४ ला बोलिव्हियात सांताक्रूझ भागातल्या एका मिलवर गेले. तिकडं पण नुसता ऊसच ऊस, दाजी म्हणायचे कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली तर सगळं आपल्यासारखंच, धूळ पण तीच. पहिली दोन वर्षं मातीच्या भिंतींच्या जुन्या क्वार्टरमध्ये काढली, मग ताईला नेलं, भाचा तिकडंच झाला २०१८ ला. तर गेल्या महिन्यात मिलमधल्या एकाला ऑपरेशनसाठी रक्त लागत होतं म्हणून दाजी द्यायला गेले (रक्तदानाचं लई वेड, सोलापुरात असताना जयंतीचं एक शिबिर सोडायचे नाहीत) आणि ब्लड बँकेनं पिशवी बाजूला काढून सांगितलं की चागास पॉझिटिव्ह (तिकडचा एक किडा चावून अंगात परजीवी शिरतो, पुढं हार्ट धरतो, तो रोग). मग दुसऱ्या पद्धतीची टेस्ट केली, ती पण पॉझिटिव्ह. ईसीजी नॉर्मल, एक्सरे नॉर्मल, माणूस रोज पाच किलोमीटर चालतोय.

माझं डोकं फिरलंय ते वेगळ्याच गोष्टीनं. त्यांच्या मिलमधला फोरमन, तिथलाच माणूस, वय ४९, त्याला ह्याच रोगापायी पेसमेकर बसवलाय. त्याचा थोरला भाऊ रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. आणि ह्या दोघांची आई, वय ७८, ती पण पॉझिटिव्ह, ती मात्र अजून शेळ्या राखते. एकाच घरातली, एकच किडा, एकच रोग. मग हे घराण्यात असतं का? दाजींच्या वडिलांना ५५ व्या वर्षी अटॅक आलता, त्याचा काही संबंध? भाच्याला होईल का? इथं एका पॅकेजवाल्यानं तर सांगितलं की 'हार्ट जीन टेस्ट' करून टाका, १८ हजार, सगळं कळतंय. ताई फोनवर नुसती रडायलीय. आमचे फॅमिली डॉक्टर सरळ माणूस, म्हणाले, "हे मी एमबीबीएसला परीक्षेपुरतं वाचलेलं, पेशंट एकही बघितला नाही."

कुणाला माहिती असेल तर सांगा, पण प्लीज 'काळजी करू नका' एवढंच लिहू नका.


कडकभाकरी

काय बे, हे चावणारा किडा म्हंजे आपला ढेकूणच की. आमच्या होस्टेलला एवढे ढेकूण होते, अख्खी बॅच हार्टवर गेली असती मग.


सूक्ष्मजीव_मास्तर

@कडकभाकरी ढेकूण नाही बाबा. तो वेगळ्या घराण्यातला, बोटाच्या पेराएवढा, पंखवाला किडा, मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गवताच्या छपरात राहतो, रात्री येऊन तोंडाजवळ चावतो म्हणून इंग्रजीत त्याला चुंबन घेणारा किडा म्हणतात. त्याच्या जातीतला एक भाऊबंद आपल्याकडं बंदराच्या गावांत उंदरांच्या आसपास सापडतो, पण चागासचा परजीवी आपल्याकडं नाही. होस्टेलवाले वाचले.

@जुळेसोलापूरकर, मी एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो, हार्टचा डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्याबिळ्यांचं माझ्याकडून ऐकू नका. पण तुमचा मूळ प्रश्न, एकाला होतं नि दुसऱ्याला का नाही, तो ह्या रोगातला सगळ्यात जुना प्रश्न आहे, अगदी पहिल्या पेशंटपासूनचा.

१९०९ ची गोष्ट. ब्राझीलमध्ये लासान्स नावाच्या गावी रेल्वेलाईनचं काम चाललेलं आणि मजूर मलेरियानं पडायले म्हणून कार्लोस चागास नावाच्या तरुण डॉक्टरला तिकडं पाठवलेलं. राहायला जागा नाही, तर गड्यानं रेल्वेच्या डब्यातच घर केलं आणि डब्यातच लॅब थाटली. (आमचे वडील रेल्वेत होते, मला ही गोष्ट म्हणून जास्तच आवडते.) तिथं कुणीतरी त्याला हे भिंतीतले किडे दाखवले, त्यानं त्यांचं पोट फाडून बघितलं तर आत शेपटीवाला परजीवी. नाव दिलं ट्रिपॅनोसोमा क्रूझी, आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्या नावावरून. मग १४ एप्रिलला बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या तापानं फणफणलेल्या मुलीच्या रक्तात तोच परजीवी सापडला. आता गंमत ऐका, ही बेरेनिसे जगली सत्तरीच्या पुढं. अंगात परजीवी जन्मभर, आणि हार्ट त्यानं बिघडलं नाही. म्हणजे रोगाचा पहिला पेशंटच तुमच्या फोरमनच्या आईसारखा.

आकडे साधारण असे धरतात, जगात साठ ते सत्तर लाख लोकांना ही लागण आहे, बहुतेक लॅटिन अमेरिकेत. त्यातल्या शंभरातल्या २० ते ३० जणांना पुढं हार्टचं दुखणं होतं, तेही लागण झाल्यावर १० ते ३० वर्षांनी, काही थोड्यांची अन्ननलिका नाहीतर मोठं आतडं फुगतं, आणि उरलेले बहुतेक सगळे आयुष्यभर 'पॉझिटिव्ह पण ठणठणीत'. दाजी आज ह्या तिसऱ्या खान्यात आहेत. त्या खान्यातून हार्टच्या खान्यात जाणारे वर्षाला शंभरात साधारण दोन. रोज मरायची भीती घेऊन बसण्यासारखा तो आकडा नाही, पण विसरून जाण्यासारखाही नाही.

आता शरीरात काय होतं ते. किडा रक्त पिता पिता तिथंच हगतो, स्पष्ट बोलतोय माफ करा, आणि माणूस झोपेत खाजवतो तेव्हा ती घाण जखमेतून नाहीतर डोळ्यातून आत जाते. परजीवी आधी रक्तात पोहतो, मग स्नायूच्या पेशीत घुसतो, हार्टचा स्नायू त्याला फार आवडतो, आत गेल्यावर शेपटी टाकून गोल होतो, एकाचे शेकडो होतात आणि पेशी फुटते. पहिले दोनेक महिने हा धिंगाणा. मग आपली प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्याला दाबते. दाबते म्हणतोय, संपवते म्हणत नाही. थोडे परजीवी स्नायूत दडून राहतात ते जन्मभर.

इथून पुढं प्रतिकारशक्तीचीच भानगड सुरू होते. गड्ड्याच्या जत्रेचं उदाहरण देतो. होम मैदानावर तुफान गर्दी, चार खिसेकापू घुसलेत, पोलीस बंदोबस्त लागणारच, तो नसला तर जत्रेचं वाटोळं. प्रयोगशाळेत उंदरांमधला 'इंटरफेरॉन गॅमा' नावाचा संदेश बंद केला की हा परजीवी उंदराला मारूनच टाकतो, एवढा तो बंदोबस्त गरजेचा. पण समजा दोन खिसेकापू पाळण्याखाली लपून बसले आणि पोलिसांनी जत्रा उठल्यावरही तीस वर्षं तिथंच लाठ्या चालवल्या तर? दुकानं फुटणार कुणाची? हार्टची. चागासनं ज्यांचं हार्ट गेलं त्यांच्या रक्तात आणि हार्टच्या तुकड्यात हेच दिसतं, इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ हे भडकवणारे संदेश भरमसाट, आणि 'बास आता' म्हणणारा आयएल-१० त्या मानानं कमी. जे ठणठणीत राहतात त्यांच्यात हा आयएल-१० चा ब्रेक चांगला लागलेला असतो. लढाई दोघांनीही केली, थांबायचं कुणाला कळलं एवढाच फरक.

आणि वर तोंडवळ्याचा गोंधळ. परजीवीचं बी१३ नावाचं एक प्रोटीन आहे, त्याचा एक तुकडा आपल्या हार्टच्या मायोसिनशी, म्हणजे स्नायू आकसवणाऱ्या प्रोटीनशी मिळताजुळता. साओ पावलोच्या एदेसियो कुन्या-नेतो आणि जॉर्जे कालिल यांनी पेशंटच्या हार्टमधून काढलेल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई तपासले तर ते परजीवीच्या आणि हार्टच्या दोन्ही प्रोटीनवर धावून जाणारे निघाले. म्हणजे खिसेकापूसारखा शर्ट घातलाय म्हणून दुकानदारालाच बडवायचा.

जीनचं उद्या लिहितो, पेपर तपासायचेत.


जुळेसोलापूरकर_८८

मास्तर, लई उपकार. आमचे आजोबा मागावर होते, मला हे असं समजलं की चादर फाटली की रफू करतात, रफू केलेल्या जागी चादर टिकते पण ताणत नाही. हार्टला असं जागोजागी रफू होत जातं का?


सूक्ष्मजीव_मास्तर

अगदी तेच. मी वर्गात उद्यापासून हेच सांगणार. रफू झालेल्या जागी हार्ट ताणत नाही ही एक गोष्ट, आणि त्या जागेतून वीज जात नाही ही दुसरी. हार्टला वीजच चालवते ना. म्हणून ह्या पेशंटच्या ईसीजीत उजव्या बाजूच्या तारेचा ब्लॉक फार दिसतो, मग ठोके मंद होतात, पेसमेकर लागतो. कधी रफूच्या कडेनं वीज गोल गोल फिरत बसते आणि हार्ट एकदम बेफाम धावायला लागतं, फोरमनचा भाऊ झोपेत गेला तो बहुतेक तसाच. डाव्या कप्प्याचं टोक पातळ होऊन फुगा येतो, त्यात गुठळी धरते, ती मेंदूत गेली की लकवा.


होटगीरोडची_सिस्टर

दादा, मी कार्डियाक आयसीयूत १४ वर्षं काढलीत. चागासचा पेशंट मी पण बघितला नाही पण रुमॅटिकचे बघितलेत, रग्गड. त्यात पण असंच की, लहानपणी घसा सुजतो, जंतू जातो पण शरीर चिडतं ते चिडतंच आणि हार्टचे व्हॉल्व्ह खातं. आमचे सर म्हणायचे हा रोग सांध्यांना चाटतो आणि हार्टला चावतो. घसा तर सगळ्याच पोरांचा बसतो, व्हॉल्व्ह थोड्यांचेच जातात. तिथं पण हाच प्रश्न.

आता कामाचं बोलते, बाकीचे ज्ञान देतीलच.

पहिलं म्हणजे भाचा. हा रोग बापाकडून पोराला जात नाही. आईला असेल तर पोटातल्या बाळाला जाऊ शकतो, शंभर पॉझिटिव्ह आयांमागं साधारण पाच बाळांना. म्हणजे आधी ताईची टेस्ट करा. ताई निगेटिव्ह तर भाच्याला जन्मातून लागायचा प्रश्नच मिटला, पण तो पण त्याच गावात वाढलाय तर एकदा त्याचीही करून घ्या, एवढ्यासाठी कशाला जीव टांगणीला. आणि समजा निघालाच तर रडायचं नाही, लहान वयात औषध लवकर दिलं तर हा रोग बरा होतो, मोठ्यांपेक्षा कितीतरी चांगला.

दुसरं, दाजींना सांगा सगळ्या तपासण्या तिकडंच करून घ्या, इको, २४ तासाचा होल्टर (ठोक्यांची दिवसभराची नोंद), आणि औषधाचं पण तिथल्याच डॉक्टरशी बोलून ठरवा. बेन्झनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स ही दोन औषधं आहेत, ती काय आपल्या नवी पेठेतल्या मेडिकलात मिळायची नाहीत. बोलिव्हियात हा रोग घरोघरी आहे, तिथल्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरला इथल्या मोठ्या स्पेशालिस्टपेक्षा जास्त कळणार त्यातलं. 'आधी गावाकडं या मग बघू' हा आपला हट्ट इथं करू नका.

तिसरं, महत्त्वाचं. इथं आल्यावर रक्तदान बंद म्हणजे बंद. आपल्याकडं पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया एवढी तपासणी होते, चागासची होत नाही. दाजींची पिशवी सगळ्यातून पास होऊन कुणाला तरी चढेल.


कडकभाकरी

सिस्टर जबरदस्त 🙏 मी ढेकणाचं मागं घेतो.


मंगळवेढ्याचा_ढोरडॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, माणसांच्या गप्पात नाक खुपसतोय. पण 'जीनमुळं कुणाला होतं कुणाला नाही' ह्याचं जगातलं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे आणि इथं कुणी सांगेना म्हणून लिहितोय.

चागासच्या परजीवीचा चुलतभाऊ, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, हा आपल्याकडं ढिगानं आहे. त्यानं घोडे, उंट, म्हशी, बैलांना जो रोग होतो त्याला आम्ही सर्रा म्हणतो, गोमाशा चावून पसरतो. जनावर ताप काढतं, खंगतं, गोल गोल फिरतं. मी स्वतः सर्राची जनावरं हातानं तपासून, रक्त काढून, त्याच हातानं डबा खाल्लाय. मला काही होत नाही, कारण माणसाच्या रक्तात एपीओएल१ नावाचं प्रोटीन असतं, ते ह्या परजीवीच्या पोटात जाऊन आतून भोकं पाडतं आणि तो फुगून फुटतो. सगळ्या माणसांना हे कवच जन्मजात.

आणि २००४ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा परजीवी पोहताना दिसला. सगळे चाट. ताप यायचा, जायचा, परत यायचा. मग त्याचं रक्त बेल्जियमच्या लोकांनी तपासलं तर त्याच्यात एपीओएल१ नावालाही नाही. आईकडून आलेली जीनची प्रतही बिघडलेली आणि बापाकडून आलेलीही, दोन वेगवेगळ्या जागी. एक जरी धड असती तरी वाचला असता. सुरामिन नावाच्या जुन्या औषधानं बरा झाला गडी. म्हणजे गोठे तर लाखो, माशा तर सगळ्यांनाच चावतात, पण दार उघडं होतं ते त्या एका माणसाचं.

तर जुळेसोलापूरकर, जीनला एवढी ताकद असते. तुमचा संशय येडा नाही.


जुळेसोलापूरकर_८८

बाप रे, चंद्रपूरचं हे माहितीच नव्हतं. मग डॉक्टरसाहेब, दाजींचं हे एपीओएल१ तपासलं तर कळंल का? त्या पॅकेजवाल्याला विचारू का?


सूक्ष्मजीव_मास्तर

थांबा थांबा, पैसे काढू नका.

ढोरडॉक्टरांचं उदाहरण शंभर टक्के खरं आणि मलाही ते फार आवडतं, पण ते चागासला लागू होत नाही. सर्राचा परजीवी उघड्यावर रक्तात पोहतो म्हणून एपीओएल१ च्या तावडीत सापडतो. क्रूझी त्याला दाद देत नाही, आणि तसाही तो पेशीच्या आत घर करून बसतो. तिथं एक कुलूप, एक किल्ली होती. चागासमध्ये वाड्याला पन्नास दारं आहेत.

गेली तीस-चाळीस वर्षं लोक ती दारं मोजायलेत. टीएनएफच्या जीनमधला बदल, आयएल-१० च्या जीनमधला, पेशींना सुजेच्या जागी बोलावणाऱ्या सीसीआर५ मधला, आणि एचएलए, म्हणजे किडनी बदलताना जुळवून बघतात ते, कारण परजीवीचा कुठला तुकडा टी पेशींना दाखवायचा हे एचएलए ठरवतं. प्रत्येकात काही ना काही सापडलंय. पण ब्राझीलमध्ये जे धोक्याचं निघालं ते दुसऱ्या देशात तसंच निघत नाही, कारण लोक वेगळे, परजीवीचे वाण वेगळे (त्याचे सहा मोठे वाण आहेत, शिवाय वटवाघळांतला एक), आणि प्रत्येक जीनचा वाटा चिमूटभर. अलीकडं ब्राझीलवाल्यांनी एकाच घरातले पॉझिटिव्ह बहीणभाऊ घेऊन जीन वाचले, एकाचं हार्ट गेलेलं, दुसऱ्याचं धड. हार्ट गेलेल्यांमध्ये मायटोकाँड्रियाशी, म्हणजे पेशीच्या इंजिनाशी संबंधित जीनमध्ये दुर्मिळ बिघाड दिसले. ते मला पटतं, कारण इंटरफेरॉन गॅमा त्या इंजिनालाच त्रास देतो. इंजिन मुळात कच्चं असेल तर मार सोसत नाही. पण प्रत्येक घरात बिघाड वेगळा. मग १८ हजाराच्या पॅकेजमध्ये हे काय शोधणार? ते शोधतात कोलेस्टेरॉलबिलेस्टेरॉलचे जीन, आणि चागासबद्दल त्या रिपोर्टात एक ओळ नसणार.

फोरमनच्या घराचं म्हणाल तर, दोघा भावांचं हार्ट बिघडलं, आई ठणठणीत राहिली हे बघून 'जीन' म्हणायचा मोह होतो. पण ते भाऊ एकाच भिंतीखाली झोपले, तेच किडे, तोच वाण, किती वेळा चावले देव जाणे. त्यात पुरुषांचं हार्ट ह्या रोगात बायकांपेक्षा जास्त बिघडतं हे पुष्कळ ठिकाणी दिसलंय. रक्त आणि घर दोन्ही एकच असेल तर दोष कुणाचा हे एका कुटुंबावरून सांगता येत नाही.

दाजींच्या वडिलांचा अटॅक वेगळा, तो नळीतल्या ब्लॉकेजचा. पण बीपी, शुगर असेल तर ती सांभाळा, हार्टला एक दुखणं पुरे आहे.


आडवातिडवा

मास्तरांना एक आडवा प्रश्न. जर सगळी भानगड आपलीच प्रतिकारशक्ती भडकल्यामुळं आहे तर स्टिरॉइड देऊन ती गप्प करायची की. दमेकऱ्याला देतात तसं. एवढं सरळ आहे तर कुणी केलं का नाही?


सूक्ष्मजीव_मास्तर

प्रश्न आडवा नाही, बरोबर ह्याच प्रश्नावर शास्त्रज्ञांत पिढीभर भांडण चाललं. एक गट म्हणायचा हा स्वतःवरच उलटण्याचा रोग, परजीवी केवळ निमित्त. पुरावा काय तर हार्टच्या तुकड्यात मायक्रोस्कोपखाली परजीवी दिसायचेच नाहीत, सूज मात्र भरपूर. मग पीसीआर आलं आणि त्याच तुकड्यांत परजीवीचा डीएनए सापडायला लागला. दुसरा गट म्हणाला, बघा, आहे तो.

आणि तुमच्या स्टिरॉइडचं उत्तर पेशंटांनीच देऊन टाकलंय. चागासनं हार्ट पूर्ण गेलं की ब्राझीलमध्ये हार्ट बदलतात. नवीन हार्ट नाकारलं जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं देतात, आणि मग काय होतं? दडलेला परजीवी उठतो आणि नव्या हार्टमध्ये घुसतो. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये तर तो मेंदूपर्यंत जातो. म्हणजे बंदोबस्त हटवला की खिसेकापू बाहेर.

उलट बाजूनंही करून बघितलं. २०१५ साली बेनिफिट नावाची मोठी ट्रायल आली, २,८५४ पेशंट, सगळ्यांचं हार्ट आधीच चागासनं धरलेलं. अर्ध्यांना बेन्झनिडाझोल, अर्ध्यांना औषध नसलेली साधी गोळी. रक्तातला परजीवी कमी झाला, पण पाच-साडेपाच वर्षांनी बघितलं तर हार्टचं बिघडणं दोन्हीकडं जवळपास सारखंच. रफू एकदा झालं की झालं, उंदीर मारून चादर नवी होत नाही. म्हणून औषधाचा विचार रफू व्हायच्या आधी, आणि दाजी आज तिथंच उभे आहेत. पन्नाशीच्या आतल्या माणसाला ईसीजी नॉर्मल असताना तिथले डॉक्टर बऱ्याचदा औषध सुचवतात. साठ दिवसांचा कोर्स, अंगावर पुरळ येते, पायाला मुंग्या येतात, मध्ये सोडून देणारे खूप. द्यायचं का नाही ते दाजी आणि त्यांचा डॉक्टर ठरवतील.

ह्यातून एक गोष्ट मात्र दाजींनी जन्मभर लक्षात ठेवायची. पुढं कधी गुडघ्याला, दम्याला, अंगावरच्या चट्ट्यांना कुणी लांबलचक स्टिरॉइड लिहून दिलं तर आधी सांगायचं, मला चागास आहे. आपल्याकडं स्टिरॉइड चण्याफुटाण्यासारखं देतात.


विडीघरकुलची_लेक

मी फक्त वाचत होते, पण हे भडकलेल्या प्रतिकारशक्तीचं वाचून आईची आठवण झाली. विड्या वळायची, रात्रभर खोकायची, दोन वर्षं एका दवाखान्यात तंबाखूची धूळ म्हणून नुसती सिरपं दिली. मग दुसऱ्या डॉक्टरनं रक्ताचा साधा सीबीसी केला तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ६२ टक्के. त्यांनी सांगितलं हत्तीरोगाच्या जंतावर शरीर चिडलंय. सोलापूर जिल्ह्यात हत्तीरोग आहेच, गोळ्या वाटायला यायचे आमच्याकडं, आम्ही खिडकीतून टाकून द्यायचो 😔. त्याच गोळीचा तीन आठवड्यांचा कोर्स दिला आणि खोकला गेला. त्या डॉक्टरांनी इको पण करायला लावला, म्हणाले एवढे इओसिनोफिल लई दिवस राहिले तर हार्टच्या आतल्या अस्तराला इजा करतात. आईचा नॉर्मल आला.

मी तेव्हा विचारलेलं की आमच्या गल्लीत डास सगळ्यांनाच चावतात मग आईलाच का. ते म्हणाले जंत पुष्कळांच्या अंगात असतो, असं चिडणारं शरीर फार थोड्यांचं.


सूक्ष्मजीव_मास्तर

ताई, तुमच्या आईचे दुसरे डॉक्टर हुशार निघाले. इओसिनोफिल ही पेशी जंतांसाठी पोटात विष भरून ठेवते, जंत सापडला नाही तरी विष सांडतंच, आणि हार्टच्या अस्तरावर सांडलं की तिथं गुठळी, मग रफू. आफ्रिकेत युगांडात आणि आपल्या केरळात हार्टचं अस्तर असं जाड होऊन कडक झालेले पेशंट खूप असायचे, त्यामागं जंत आणि इओसिनोफिल असावेत असा एक जुना संशय आहे, पण एकटं तेवढंच कारण नसावं.


जुळेसोलापूरकर_८८

अपडेट. उशीर झाला, तिकडची लॅब पण आपल्यासारखीच, उद्या या परवा या.

ताई निगेटिव्ह. भाचा निगेटिव्ह. ताई परत रडली, पण हे रडणं बरं होतं. दाजींचा इको नॉर्मल, होल्टरमध्ये दोनचार जादा ठोके आहेत, डॉक्टरबाई म्हणाल्या ते तुझ्या सासऱ्यातही निघतील. औषध सुरू केलंय, आज ११ वा दिवस, हाताला खाज आहे थोडी. साठ दिवस पुरे करूनच दिवाळीला येणार. पॅकेजवाल्याचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

फोरमनच्या आईला दाजींनी बेरेनिसेची गोष्ट सांगितली म्हणे. म्हातारी म्हणाली, ती सत्तरीची होती ना, मी अठ्ठ्याहत्तरची.

एक शेवटचं विचारायचंय. सिस्टर किंवा मास्तर कुणीही सांगा. दाजींनी कुठं तरी वाचलं की २००५ ला ब्राझीलमध्ये सांता कातारिनात रस्त्याकडेच्या उसाच्या रसातून चागास पसरला होता, किडाच चरकात चिरडला गेला, आणि तीन माणसं गेली. तर ते म्हणायलेत की मी तिकडं मिलसमोरच्या गाड्यावर रोज दोन ग्लास रस प्यायचो, भिंतीतल्या किड्यापेक्षा त्यातूनच आला असंल. आणि आता सोलापुरात आल्यावर रस प्यायला भ्यायलेत.


होटगीरोडची_सिस्टर

कुठून आला ते आता कळायचं नाही दादा, दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडच्या रसात तो परजीवी नाही. खुशाल प्यायला सांगा, फक्त बर्फ नको म्हणावं, बर्फाच्या पाण्याची गॅरंटी मी देत नाही.